लून टिपायला निघालात? मग आधी आपली टिबुकली

धुळ्याहून एकांनी विचारलं आहे: मुलगा अमेरिकेत मिनेसोटात असतो, जून-जुलैत त्याच्याकडे जाणं आहे, आणि तिथला लून नावाचा पाणपक्षी मनासारखा टिपायचा आहे. जवळ क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा आणि 70-300 मिलिमीटरची लेन्स. सराव म्हणून ते नकाणे तलावावर टिबुकली या सतत बुड्या मारणाऱ्या छोट्या पाणपक्ष्याच्या मागे लागले, तर दरवेळी बटण दाबेपर्यंत पक्षी पाण्याखाली. टिबुकली पंधरा-वीस मीटरवरच असते, असंही त्यांनी लिहिलं आहे. त्यांचे प्रश्न तीन. 150-600 ची लेन्स घेऊ का? पक्षी बुडी मारणार नाही असं काही करता येतं का? आणि मोबाइलवर लूनचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावलं तर चालेल का?

दादा, पंधरा-वीस मीटरवरच्या पक्ष्याला 300 मिलिमीटर कमी पडत नाहीत. तुमचा फोटो हुकतो आहे तो पक्षी कधी बुडणार, कुठे वर येणार आणि तुम्हाला पाहून काय करणार, याचा अंदाज अजून बसलेला नाही म्हणून. तो अंदाज बाजारात मिळत नाही, पण आपल्या तलावाच्या काठावर बसून येतो. आणि इथे आलेला अंदाज तिकडे जवळजवळ तसाच कामी येतो. पुढे जे लिहितोय ते बहुतेक त्याबद्दलच आहे.

मी भुसावळचा. हतनूरच्या जलाशयावर आणि जळगावच्या मेहरूण तलावावर पाणपक्षी टिपत आलो आहे, आणि मुलीकडे जाणं-येणं असल्यामुळे मिनेसोटाच्या तळ्यांवर लूनही जवळून पाहिला आहे. इतर वाचकांसाठी एवढं सांगतो की लून आपल्या खानदेशात नाही. जगात त्याच्या पाच जाती आहेत, सगळ्या उत्तरेकडच्या थंड मुलखात वीण घालणाऱ्या. मिनेसोटात असतो तो कॉमन लून. 1961 पासून तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे आणि अलास्का सोडलं तर अमेरिकेच्या कुठल्याही राज्यात एवढे लून नाहीत. उन्हाळ्यात त्याचं डोकं आणि मान काळीभोर असते, उन्हात त्यावर हिरवी झाक येते, गळ्यात पांढऱ्या रेघांचा पट्टा, पाठीवर पांढऱ्या चौकटी आणि डोळा लालबुंद. आपली टिबुकली नात्याने त्याची फार लांबची, पण पाण्याने दोघांना सारखंच घडवलं आहे. दोघांचेही पाय शरीराच्या अगदी मागच्या टोकाला असतात. पोहायला आणि बुडायला ते उत्तम, जमिनीवर मात्र दोघांनाही धड चालता येत नाही. दोघंही पिल्लांना पाठीवर घेऊन फिरतात. दोघांचंही जगणं बुडीवर आहे. म्हणूनच सरावाला टिबुकलीसारखा पक्षी नाही.

काही गोष्टी तिथे पोचल्याशिवाय ठरणार नाहीत. मुलाचं घर मिनियापोलिस शहरात आहे की तळ्याकाठी, यावर बरंच अवलंबून आहे. शहराच्या आसपासच्या काही तळ्यांवरही लून दिसतो, पण त्याचा खरा मुलूख वर उत्तरेला, ब्रेनर्डच्या आजूबाजूला आणि त्याही पलीकडे ईलीकडे. ज्या तळ्यावर उन्हाळाभर माणसांच्या होड्या फिरतात तिथला लून माणसाला बराच सरावलेला असतो, जंगलातल्या तळ्यावरचा शंभर मीटरवरूनच सावध होतो. त्या वर्षी त्या जोडीची पिल्लं जगली की नाही, यावरही तुम्हाला काय दिसणार ते ठरतं. त्यामुळे अमुक फोटो मिळेलच असं कोणी सांगत असेल तर ते मनावर घेऊ नका.

आता लेन्स. टिबुकली साधारण 27 सेंटिमीटरची, लून 70 ते 90 सेंटिमीटरचा. ढोबळमानाने तिप्पट. म्हणजे 50 मीटरवरचा लून तुमच्या चौकटीत तेवढाच दिसेल जेवढी सोळा-सतरा मीटरवरची टिबुकली दिसते. 300 मिलिमीटरवर, क्रॉप सेन्सरला, 50 मीटर अंतरावर चौकटीची रुंदी जवळपास चार मीटर भरते, आणि तरंगणारा लून तिचा पाचवा-सहावा हिस्सा व्यापतो. 24 मेगापिक्सेलच्या फाइलीत तो हजारएक पिक्सेल लांब येतो. कापून मध्यम आकाराचा प्रिंट निघेल, आणि न कापता ठेवलात तर पक्षी, पाणी, काठावरची झाडं असा पूर्ण फोटो मिळेल. मला स्वतःला हा दुसरा प्रकार जास्त आवडतो. लूनच्या गळ्यातल्या रेघा मोजता येतील असे फोटो पुष्कळ आहेत, ते तळं ज्यात दिसतं असे कमी.

150-600 चांगलीच लेन्स आहे, पण ती दोन किलोच्या आसपास भरते. ती घेऊन विमानाच्या केबिन बॅगेचं वजन सांभाळायचं, आणि तिथे होडीत बसून हातात पेलायची, हे सोपं नाही. अगदीच वाटलं तर तिथे आठवडाभर भाड्याने घ्या. खर्चच करायचा असेल तर आधी दोन किरकोळ वस्तू घ्या: जाड कापडाची बीन बॅग, आणि ओलं होऊ न देणारी गुंडाळायची पिशवी. बीन बॅग रिकामी न्या आणि तिथल्या दुकानातून तांदूळ घेऊन भरा. जमिनीवर ती ठेवून लेन्स टेकवली की कॅमेरा पाण्यापासून हातभर उंचीवर येतो. त्या उंचीवरून पक्ष्याच्या डोळ्याला डोळा भिडतो आणि मागचं पाणी मऊ होऊन जातं. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्षी खाली आणि पाणी सपाट चादरीसारखं दिसतं. लेन्स बदलून हा फरक पडत नाही, त्यासाठी पोटावर झोपावंच लागतं.

आता मुख्य अडचण, बुडीची. टिबुकली दोन कारणांनी बुडते: भूक लागली म्हणून, किंवा तुमच्यामुळे. दुसरं कारण काढून टाकता येतं, आणि पहिलं ओळखायला शिकता येतं.

निवांत टिबुकलीची पाठ बघा. मागची पिसं कापसासारखी फुललेली असतात, शेपटीकडचा भाग गोल दिसतो, मान थोडी आखूड धरलेली, अंग पाण्यावर वर तरंगत असतं. तिला शंका आली की पिसं आवळली जातात. पिसांतली हवा निघाली की अंग पाण्यात खोल बसतं, फुगलेली पाठ सपाट होते, मान ताठ आणि बारीक होते. हे व्हायला दोन-तीन सेकंद लागतात आणि मग ती दिसेनाशी होते. लूनचंही तेच. त्याची हाडं बहुतेक पक्ष्यांसारखी पोकळ नसून भरीव असतात, त्यामुळे तो एरवीही पाण्यात थोडा खालीच बसतो. पण सावध झाला की पाठीचा काठ जेमतेम पाण्यावर राहतो. पक्षी खोल बसलेला दिसला की तुम्ही जिथे असाल तिथे थांबा. त्या क्षणी एक पाऊल पुढे टाकलंत तर सकाळ गेली म्हणून समजा.

भुकेची बुडी वेगळी. त्यात पिसं सावकाश आवळली जातात, पक्षी तुमच्याकडे बघतही नसतो, आणि पुष्कळदा आधी चेहरा पाण्यात घालून खाली काय आहे ते पाहतो. लून तर हे फार करतो. डोळ्यांपर्यंत तोंड पाण्यात, दोन वल्ही पुढे, परत तोंड पाण्यात. असं दोन-तीनदा झालं की पुढची बुडी आलीच. तिथे घाबरायचं काही नाही, ही बुडी तुमच्या फायद्याची आहे.

फायद्याची ती अशी. टिबुकली एका बुडीत सहसा दहा ते वीस सेकंद खाली असते, लून बहुधा पाऊण मिनिटाच्या आसपास. पण एकच पक्षी एकाच जागी मासे धरत असेल तर त्याच्या लागोपाठच्या बुड्या जवळपास सारख्या लांबीच्या होतात, कारण खोली तीच असते. म्हणून पहिल्या दोन-तीन बुड्यांना कॅमेरा खाली ठेवा आणि नुसतं मनात मोजा. बारावर वर येते, तेरावर येते, परत बारावर येते, असा ठेका लागला की चौथ्या बुडीला दहावर बोट बटणावर न्यायचं. दिशाही बघा. टिबुकली पाणवनस्पतींच्या कडेने एकाच बाजूला सरकत जाते. डावीकडून उजवीकडे चालली असेल तर बहुतेक वेळा पुढेच निघते. अर्थात नेहमीच नाही, म्हणून डोळा व्ह्यूफाइंडरला चिकटवून बसू नका. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाण्याकडे बघा, लेन्स 200 च्या आसपास ठेवा, पक्षी सापडला की मग 300 वर न्या. आणि फोकस आधीच त्या अंतरावर आणून ठेवा. पाण्यावरचं एखादं पान किंवा जलपर्णीची कड पकडून ठेवलीत तरी चालेल. पक्षी वर आल्यावर लेन्सला शून्यापासून शोधाशोध करावी लागली की तुमचा फोटो गेला.

जागा बदलायची तर ती पक्षी पाण्याखाली असतानाच. तो बुडाला की तीन-चार पावलं, आणि त्याच्या ठेक्याच्या तीन सेकंद आधी स्तब्ध. हे मी हतनूरच्या मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींकडे बघून शिकलो. ते जाळ्याकडे जाताना पक्ष्यांकडे बघतसुद्धा नाहीत, सरळ रेषेत येत नाहीत, तिरके जातात आणि मध्येच थांबतात. पक्षी त्यांना फारसं मोजत नाही. आपण लेन्स रोखून नाकासमोर चालत जातो, ते पक्ष्याला शिकाऱ्यासारखं वाटतं.

पण याहून चांगला मार्ग म्हणजे चालायचंच नाही. उजाडायच्या आधी जागेवर जाऊन झोपा. अंगावर मळकट रंगाची शाल घ्या, आणि टिबुकलीला तुम्ही तिथे पहिल्यापासूनच आहात असं वाटू द्या. नकाणेवर ज्या कोपऱ्यात पाणवनस्पती आणि मोकळं पाणी एकमेकांना लागतात तिथे कडेला बसा. ती कड हाच तिचा रस्ता असतो. फिरायला येणाऱ्यांची वर्दळ चालत असेल तर मेहरूण तलावावर या. तिथल्या टिबुकल्या माणसाला इतक्या सरावल्या आहेत की हात बसेपर्यंत तोच तलाव बरा. हतनूर त्यानंतर. तापी आणि पूर्णा चांगदेवजवळ एकत्र येतात, त्याच्या खालच्या अंगाला धरण आहे आणि पाणी मागे दूरवर पसरलेलं आहे. हिवाळ्यात तिथे तुरेवाली मोठी टिबुकली येते. ती पन्नास सेंटिमीटरच्या जवळपास भरते, लाल डोळ्याची, पांढऱ्या गळ्याची. लूनच्या सरावाला तिच्याइतका जवळचा पक्षी आपल्याकडे दुसरा नाही. मार्चपर्यंत राहिलीच तर डोक्यावरचा तुरा आणि गालांवरचे तांबूस कल्ले भरायला लागलेले दिसतात. फक्त धरणाच्या भिंतीवर आणि दरवाजांच्या बाजूला कॅमेरा काढू नका, मागच्या पाण्याकडे जा.

एकदा टिबुकलीला मासा गिळताना नीट बघा. मासा चोचीत आडवा येतो. ती तो दोन-तीनदा झटकते, थोडा सोडते, परत धरते, असं करत त्याचं डोकं आत आणि शेपटी बाहेर करते, कारण उलटा गिळला तर पर आणि खवले घशात अडकतात. हे सगळं चार-पाच सेकंद चालतं आणि तेवढा वेळ तिचं तुमच्याकडे लक्ष नसतं. बुडीनंतर रिकामी वर आलेली टिबुकली लगेच पुन्हा बुडते, मासा घेऊन आलेली थांबते. म्हणून वर आल्याबरोबर आधी चोचीकडे बघायची सवय लावा. लूनच्या बाबतीत एक फरक आहे. लहान मासा तो बऱ्याचदा पाण्याखालीच गिळून टाकतो. वर घेऊन आला तर मासा मोठा असतो, किंवा पिल्लासाठी असतो. लून मासा घेऊन वर आला की आसपास पिल्लू शोधा.

दुसरा हमखास क्षण पंख झटकण्याचा. लून पिसं साफ करायला लागला की बराच वेळ करतो, कुशीवर लोळतो, पोटाची पांढरी बाजू वर येते, एक पाय बाहेर काढून हवेत हलवतो. हे संपलं की तो बहुतेक वेळा पाण्यावर उभा राहून पंख दोन-चारदा जोरात फडफडवतो. आपली टिबुकलीही हेच करते, फक्त इतक्या चटकन की पापणी लवेपर्यंत संपतं. साफसफाई सुरू झालेली दिसली की शटर 1/2000 सेकंदावर न्या आणि चौकट थोडी रुंद करा, नाहीतर पंखांची टोकं कापली जातात. साध्या पोहण्याला 1/1000 पुरे. आणि वाऱ्याकडे लक्ष द्या. पक्षी पंख झटकताना, उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतो. लूनला तर उडायला पाण्यावर लांबलचक धाव घ्यावी लागते, वाऱ्याविरुद्धच. म्हणून वारा तुमच्या पाठीवर आणि सूर्यही पाठीवर, अशी जागा निवडा. आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी वारा बहुधा उत्तरेकडून नाहीतर ईशान्येकडून येतो आणि सूर्य पूर्वेला, त्यामुळे दोन्ही जुळवणं सोपं जातं. तिकडे मात्र रोज वेगळं असेल. तळ्यावर जाण्याआधी हवामानाच्या अ‍ॅपवर वाऱ्याची दिशा बघायला मी कधीच चुकत नाही.

आता प्रकाश. लून काळा आणि पांढरा, दोन्ही टोकांचा. कॅमेऱ्यावर सोडलंत तर कॅमेरा गोंधळतो. पक्षी झाडांचं गडद प्रतिबिंब पडलेल्या पाण्यात असेल तर कॅमेऱ्याला सगळं काळं दिसतं, तो फोटो उजळ करतो आणि पोटाचा पांढरा रंग जळून जातो. तोच पक्षी दहा मीटर पोहून चंदेरी पाण्यात गेला की कॅमेरा फोटो काळवंडतो आणि डोक्यावरची पिसं डांबर होतात. पण पक्ष्यावर पडणारं ऊन मधल्या काळात बदललेलंच नसतं! बदललं ते फक्त मागचं पाणी. म्हणून मी अशा वेळी ऑटो आयएसओ (कॅमेऱ्याने उजेडाची संवेदनशीलता आपोआप ठरवणं) बंद करतो आणि शटर, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर), आयएसओ तिन्ही हाताने बांधून ठेवतो. सूर्य ढगाआड गेला तरच हात लावायचा.

बांधायचं कशावर? आपल्याकडे बगळा उभाच असतो. त्याच उन्हात उभ्या असलेल्या पांढऱ्या बगळ्याचा फोटो घ्या, जळलेला भाग लुकलुकून दाखवण्याची सोय कॅमेऱ्यात चालू ठेवा, आणि बगळ्याचं लुकलुकणं जिथे नुकतंच थांबतं तिथे सेटिंग ठेवा. आता त्या उन्हातला कुठलाही पक्षी बरोबर येईल, वारकरी असो, पाणकावळा असो, टिबुकली असो. वारकरी काळाकुट्ट आणि चोच पांढरीफेक, त्याच्यावर हे नक्की करून बघा. त्याच्या चोचीचा आकार आणि अंगाची पिसं दोन्ही दिसायला लागली की लूनचं एक्सपोजर तुम्हाला आलं असं समजा. तिकडे बगळा हाताशी नसला तर उन्हात पांढरा रुमाल पसरा. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली ठेवा, काळ्यातलं तपशील नंतर वर काढता येतं, जळालेलं पांढरं परत येत नाही.

लाल डोळा लाल दिसायला त्यावर थेट उजेड पडावा लागतो. सूर्य खाली असताना आणि तुमच्या पाठीशी असतानाच तो पेटतो, आणि डोक्यावरची हिरवी झाकही तेव्हाच दिसते. सूर्य वर चढला की कपाळाची सावली डोळ्यावर पडते आणि डोळा काळा खड्डा होतो. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये आठ-साडेआठनंतर मी कॅमेरा आवरतो. उत्तर मिनेसोटात जूनमध्ये सूर्य सव्वापाच-साडेपाचला उगवतो आणि रात्री नऊनंतर मावळतो, शिवाय तिरका चढतो, त्यामुळे तो कोवळा उजेड तिथे आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ टिकतो. ढगाळ दिवसही सोडू नका. काळा-पांढरा पक्षी ढगाळ उजेडात फार छान येतो.

आणखी एक गोष्ट, जी लोक लेन्सच्या माथी मारतात. फोटो सगळे मऊसर येत असतील तर आधी हवा बघा. आपल्या उन्हाळ्यात पाण्यावर झळा नाचतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण कडाक्याच्या थंडीतही सकाळी पाणी हवेपेक्षा गरम असतं आणि वरची हवा हलत राहते. डोळ्यांना काही कळत नाही, लांबच्या फोटोत मात्र पिसं पुसल्यासारखी होतात. महागडी लेन्सही यावर काही करू शकत नाही. अंतर कमी असेल तेवढा त्रास कमी, म्हणून परत तेच, बसून राहा आणि पक्षी येऊ द्या. मिनेसोटातल्या धुक्याच्या सकाळीही हेच होतं. धुक्यात लांबून तपशील शोधू नका, तिथे आकृती टिपा.

मिनेसोटात पोचाल तेव्हा वीण ऐन भरात असेल. लून सहसा दोन अंडी घालतो आणि साधारण 28 दिवस उबवतो. तिकडे पिल्लं बहुतेक जूनच्या मध्यापासून बाहेर येऊ लागतात आणि पहिले दोनेक आठवडे बराच वेळ आईबापांच्या पाठीवर असतात. हा फोटो सगळ्यांना हवा असतो, तुम्हालाही हवा असणार. यासाठी छिद्र एफ 8 च्या आसपास ठेवा. 15 मीटरवर 300 मिलिमीटरला एफ 5.6 वर जेमतेम अर्धा मीटर खोली स्पष्ट येते, पक्षी तिरका असेल तर एकाचा डोळा स्पष्ट आणि दुसऱ्याचा धूसर होतो. आडवा येईपर्यंत थांबा. पिल्लाला भरवताना बघायला मिळालं तर कॅमेरा थोडा वेळ खाली ठेवून बघाच. बाप इवलासा मासा आणतो, पिल्लू तो चोचीत धरतं आणि सोडून देतं, बाप पाण्यात तोंड घालून तोच मासा परत उचलून पुढे करतो. पिल्लाला तो गिळता येईपर्यंत हे चालू राहतं.

घरट्याचा फोटो मात्र काढू नका, असं मी स्पष्टच सांगतो. लूनला चालता येत नसल्यामुळे घरटं अगदी पाण्याला लागून असतं. होडी जवळ गेली की तो घरंगळून पाण्यात उतरतो आणि अंडी उघडी पडतात, वर गरुड टपलेले असतात. घरट्यावरचा लून मान लांब करून पाण्याशी टेकवून बसलेला दिसला तर ती झोप नव्हे, तुम्ही फार जवळ आल्याची खूण आहे. आपली टिबुकली पाऊस लागला की तरंगतं घरटं करते आणि माणूस दिसला की अंड्यांवर ओला पाला ओढून निसटते. झाकलेल्या अंड्यांचा फोटो म्हणजे तिला आपण उठवलं याचा पुरावा असतो. मी असे फोटो कोणी दाखवले तर त्यांचं कौतुक करत नाही.

आणि लूनचा एक फोटो फार प्रसिद्ध आहे: पाण्यावर ताठ उभा, छाती पुढे, पाय मारत जागेवरच नाचतोय. लोक त्याला नाच समजतात. पिल्लं जवळ असताना तो तसा उभा राहतो तेव्हा समोरच्याला हाकलत असतो, त्यात त्याची ताकद जाते आणि पिल्लं एकटी पडतात. समोर दुसरा लून असेल तर गोष्ट वेगळी. पण तुमच्या होडीकडे तोंड करून उभा राहिला तर एकही फोटो न काढता मागे व्हा. थरथरत्या हसण्यासारखा आवाज काढला तरीही तेच. कधी कधी तो आवाज वर फिरणाऱ्या गरुडासाठी असतो, तुमच्यासाठी नसतो, पण तेव्हाही मागे झालेलंच बरं, कारण त्याला त्या वेळी एक काळजी पुरे असते.

होडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथे गेल्यावर मुलगा कयाकमध्ये बसा म्हणेलच. पाण्याच्या पातळीवरून फोटो मिळतात हे खरं. पोहता येत नसेल तर मी म्हणेन धक्क्यावरूनच काढा. तिथल्या घरांना पाण्यात शिरणारे लाकडी धक्के असतात, त्याच्या टोकाला पोटावर झोपलं की उंची जवळपास तीच मिळते आणि हातही स्थिर राहतो. होडीत गेलातच तर लाइफ जॅकेट घालून, मुलाला वल्हवायला देऊन, आणि लूनच्या दिशेने न वल्हवता. वाऱ्याने होडी ज्या बाजूला वाहील तिच्या उलट टोकाला जाऊन वल्हं ठेवून द्या. माझं स्वतःचं माप 50 मीटर. त्याच्या आत मी होडी नेत नाही, लून स्वतः आत आला तर हलत नाही. आणि डास! तळ्याकाठच्या पहाटेचे तिथले डास आपल्या पावसाळ्यातल्या डासांना मागे टाकतात, गवतात गोचिडीही असतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पायमोज्यात खोचलेली पँट, नाहीतर पोटावर पाच मिनिटंही झोपता येणार नाही.

राहिला आवाज वाजवण्याचा प्रश्न. वाजवू नका. लूनचे मुख्य आवाज चार. लांबून एकमेकांना साद घालण्याचा, घाबरल्याचा थरथरता, कुटुंबातल्या कुटुंबात हळू कुजबुजण्याचा, आणि चौथा फक्त नराचा, हे तळं माझं आहे असं सांगणारा. नेटवर पटकन सापडतो तो बहुतेक हाच चौथा किंवा पहिला. चौथा वाजवलात तर तिथल्या नराला वाटतं की दुसरा नर घुसला. लूनमध्ये हे भांडण लुटुपुटीचं नसतं, नरांच्या मारामारीत कधी कधी एकाचा जीव जातो. तुमच्या मोबाइलसाठी तो पिल्लं सोडून येईल, तळ्याच्या मध्यावर कोणीच नाही म्हणून चकरा मारेल, आणि तेवढ्या वेळात पिल्लांपाशी राखणीला एकच उरेल. साद वाजवलीत तरी काही हाती लागत नाही, फार तर तो लांबूनच उत्तर देईल. आवाजाची हौस असेल तर संध्याकाळी धक्क्यावर बसून मोबाइलवर त्यांचाच आवाज रेकॉर्ड करून घ्या. अंधार पडल्यावर वारा थांबतो तेव्हा एका तळ्यावरचा लून बोलतो आणि पलीकडच्या तळ्यावरचा उत्तर देतो. त्या वेळी कॅमेऱ्याला काम नसतंच.